वेबसाइटवर व्हिडिओ टाकलात, पण गिऱ्हाइकाला तो चालवता येतो का?

या वेळच्या व्हिडिओत मी माझ्याच दुकानाच्या वेबसाइटची चिरफाड केली आहे. व्हिडिओत सगळं पटापट पुढे जातं, म्हणून आकडे आणि सेटिंग्ज इथे सावकाश लिहून देते. तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी वाचा. वेबसाइट करून देणाऱ्याला नेमकं काय सांगायचं हे आपल्याला माहीत नसतं, मग तो देईल ते आपण घेतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

माझं दुकान शिलाई मशीन आणि त्यांच्या सुट्या भागांचं. गिऱ्हाईक ओव्हरलॉक मशीन घेऊन गेलं की दोन-चार दिवसांत हमखास फोन येतो, "ताई, दोरा निघाला, आता ओवू कसा?" तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला दोन लूपर आणि एक सुई. क्रम चुकला की दोरा तुटतो नाहीतर टाकाच धरत नाही. फोनवर हे समजावणं म्हणजे डोळे मिटून सुई ओवणं. म्हणून मी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला, वेबसाइटवर टाकला आणि बिलावर त्याचा क्यूआर कोड छापला. फोन कमी होतील असं वाटलं होतं. झाले नाहीत.

जूनचा पहिला आठवडा. शाळेच्या गणवेशांची घाई. एक टेलर मशीन रिक्षात घालून दुकानात आले, सोबत पुतण्या. टेलरना जन्मापासून ऐकू येत नाही. हात असा सफाईदार की त्यांनी घातलेली कॉलर उलटून बघावी. पुतण्या म्हणाला, "ताई, काकांनी तुमचा व्हिडिओ चार वेळा बघितला. तुम्ही दाखवलंय तसंच केलंय. तरी दोरा तुटतोय."

मी व्हिडिओ लावला आणि आवाज बंद करून बघितला. बेचाळिसाव्या सेकंदाला मी आधी सुई ओवते आणि मग लूपरकडे वळते. तोंडाने मी म्हणत होते, "असं अजिबात करू नका, सुई सगळ्यात शेवटी." पण हात चुकीचा क्रम दाखवत होते. ऐकू येणाऱ्याला ती सूचना होती. त्यांना तो धडा होता, आणि त्यांनी तो बरोब्बर गिरवला. चार दिवस मशीन बंद, गणवेशाचं काम दुसरीकडे गेलेलं. त्यांनी तक्रार केली नाही. मी दोरा ओवून दाखवला, त्यांनी तो मोबाइलवर स्वतः शूट केला आणि मशीन घेऊन गेले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी क्यूआर कोड वापरणाऱ्या बाकीच्यांनाही फोन करून विचारलं. खेड्यातल्या दोन ताई म्हणाल्या, "नुसतं गोल गोल फिरतं हो, व्हिडिओ लागतच नाही." एक दादा म्हणाले, "पान उघडलं की आपोआप सुरू होतो, पण आवाजच नसतो." म्हणजे व्हिडिओ होता आणि नव्हताही.

वजनाचा हिशेब

आधी ते गोल गोल फिरणं. माझ्या मोबाइलवर फुल एचडी शूटिंग साधारण 17 एमबीपीएसने होतं. म्हणजे एका मिनिटाला 125 एमबीच्या वर. दोन मिनिटांचा माझा व्हिडिओ अडीचशे एमबी, आणि वेबसाइट करणाऱ्याने तो जसाच्या तसा चढवला होता. त्याच्या ऑफिसात फायबरचं कनेक्शन, तिथे तो झटक्यात लागायचा.

"आता डेटा स्वस्त आहे की," असं तुम्ही म्हणाल. स्वस्त आहे, पण रोजच्या पॅकमधला दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपतो. आपली गिऱ्हाईक बाई दोरा ओवायला बसते ती रात्री, जेवणं आटपल्यावर. पॅक संपल्यावर स्पीड येतो 64 केबीपीएसवर. म्हणजे सेकंदाला 8 केबी. एक एमबी उतरायला दोन मिनिटं. अडीचशे एमबीचं तुम्हीच काढा, मला लाज वाटते.

उपाय फुकट आहे. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या, त्यात 720पी निवडा, एमपी4 फाइल, व्हिडिओ एच.264 आणि आवाज एएसी. हे जोडगोळं कुठल्याही मोबाइलवर चालतं. बिटरेट एक एमबीपीएसच्या आसपास ठेवलात तर मिनिटाला साडेसात एमबी होतात. माझी अडीचशेची फाइल पंधरा एमबीवर आली आणि दोऱ्याचा रंग अजून ओळखू येतो. टेबलावर कॅमेरा स्थिर ठेवून शूट केलं असेल तर फाइल आणखी लहान होते, कारण मागचं चित्र बदलतच नाही. हातात मोबाइल धरून हलत-डुलत शूट करू नका, वजनही वाढतं आणि बघणाऱ्याला गरगरतं.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी एक चौकट असते. तिथे टिक करायला विसरू नका. एमपी4 फाइलला एक अनुक्रमणिका असते आणि ती बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. ती मिळेपर्यंत ब्राउझरला व्हिडिओ सुरू करता येत नाही. या टिकमुळे ती पुढे येते आणि प्ले दाबल्यावर व्हिडिओ लगेच हलू लागतो.

पॅक संपलेल्या बाईला पंधरा एमबीही जडच आहेत, हे मला मान्य. म्हणून त्याच पानावर व्हिडिओखाली दोरा ओवायचा क्रम सहा ओळींत लिहून, सोबत दोन फोटो दिले. खरं सांगायचं तर ही कल्पना मला आधी सुचायला हवी होती.

यूट्यूबचं एम्बेड की स्वतःची फाइल?

क्लासमध्ये हा प्रश्न दर वेळी येतो. "ताई, यूट्यूबवर चढवायचं आणि त्याचं एम्बेड पानावर टाकायचं, सोपं काम. मग ही कटकट कशाला?"

यूट्यूबवर चढवाच. तिथे लोक शोधत येतात, आणि तिथला व्हिडिओ बघणाऱ्याच्या नेटप्रमाणे आपोआप क्वालिटी कमी-जास्त करतो. आपल्या साध्या फाइलला ते जमत नाही. पण दुकानाच्या पानावर एम्बेड टाकताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, कुणी प्ले दाबायच्या आधीच ते एम्बेड अर्धा एमबीच्या वर सामान उतरवून घेतं. पानावर पाच व्हिडिओ असतील तर पान रांगायला लागतं. दोन, व्हिडिओ संपल्यावर किंवा थांबवल्यावर तिथे दुसरे व्हिडिओ सुचवले जातात. पूर्वी 'रेल' सेटिंग शून्य केलं की ते बंद व्हायचे. 2018 पासून तसं होत नाही, फार तर ते तुमच्याच चॅनलचे दाखवले जातात. हे सेटिंग न लावता एम्बेड टाकलंत तर तुमच्या दुकानाच्या पानावर शेजारच्या दुकानदाराची जाहिरात फुकट चालू.

माझा नियम असा आहे. वस्तू कशी वापरायची ते दाखवणारा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ असेल तर स्वतःची हलकी फाइल. दहा-पंधरा मिनिटांचा क्लास असेल तर यूट्यूब, पण पानावर फक्त फोटो आणि प्लेचं बटण ठेवायचं, आणि बटण दाबल्यावरच खरं यूट्यूब उघडायचं. याला 'लाइट एम्बेड' म्हणतात, वेबसाइटवाल्याला एवढा शब्द पुरतो.

होस्टिंगचाही हिशेब करा. पंधरा एमबीचा व्हिडिओ महिन्यात हजार वेळा पूर्ण बघितला गेला तर पंधरा जीबी. तुमच्या होस्टिंगच्या प्लॅनमध्ये तेवढं बसतं का, हे आधी विचारा. व्हिडिओ कुठे व्हायरल झाला आणि साइट झोपली असं व्हायला नको.

प्लेयर कुठला घ्यायचा?

माझ्या साइटवर एक देखणा प्लेयर होता. सोनेरी बटणं, गोल फिरणारी चकती, दुकानाचा लोगो. त्याचे मी वेगळे पैसे दिले होते. व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा तोही त्याच्यामुळे. 2018 मध्ये क्रोमने आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, त्यामुळे असे प्लेयर आवाज बंद करून सुरू होतात. शिकवणीचा व्हिडिओ मुका सुरू झाला तर त्याचा उपयोग काय? आणि गिऱ्हाइकाचा डेटा मात्र त्याला न विचारता गेला.

आता एक गंमत सांगते. वेबसाइटला व्हिडिओ दाखवायला वेगळा प्लेयर लागतो, ही समजूत फ्लॅशच्या जमान्यातली आहे. तेव्हा खरंच लागायचा. 2014 मध्ये एचटीएमएल5 अधिकृत मानक झालं, त्यात व्हिडिओचा स्वतःचा टॅग आला. फ्लॅश तर 31 डिसेंबर 2020 ला बंदच झालं. आज प्रत्येक मोबाइलच्या ब्राउझरमध्ये प्लेयर आधीच बसवलेला आहे. तो वापरायला एक केबीसुद्धा जास्त उतरवावी लागत नाही. कीबोर्डवर चालतो, आणि अंध व्यक्तीच्या फोनमधल्या स्क्रीन रीडरला त्याची बटणं वाचता येतात. दिसायला साधा आहे, एवढीच तक्रार.

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर 'व्हिडिओ' ब्लॉक टाका, तो हाच प्लेयर वापरतो. उजवीकडच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले बंद, लूप बंद, प्लेबॅक कंट्रोल्स चालू, प्ले इनलाइन चालू. हे शेवटचं आयफोनसाठी, नाहीतर तिथे व्हिडिओ सगळी स्क्रीन व्यापतो आणि गिऱ्हाइकाला खालच्या लिहिलेल्या सूचना दिसत नाहीत. प्रीलोडमध्ये 'नन' निवडा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत व्हिडिओ उतरणारच नाही. मग पोस्टर म्हणून एक चांगला फोटो द्या, पन्नास-साठ केबीचा. पोस्टर नसेल आणि प्रीलोड बंद असेल तर नुसता काळा चौकोन दिसतो आणि लोकांना वाटतं व्हिडिओ बिघडलाय. माझ्याकडे पहिला आठवडा तेच झालं.

वर्डप्रेस नसेल तर वेबसाइटवाल्याला हा मेसेज जसाच्या तसा पाठवा: "व्हिडिओसाठी साधा एचटीएमएल5 व्हिडिओ टॅग वापरा. कंट्रोल्स हवेत, ऑटोप्ले नको, प्रीलोड नन, प्लेज-इनलाइन हवं, पोस्टर हवं. रुंदी आणि उंची लिहा, म्हणजे पान उघडताना उडी मारणार नाही. मराठी कॅप्शनची व्हीटीटी फाइल ट्रॅक टॅगने जोडा." तो म्हणेल, हे फार साधं दिसेल. दिसू दे म्हणा.

साध्या प्लेयरची एक अडचण मात्र खरी आहे. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये कॅप्शनचा पर्याय तीन टिंबांच्या आत लपलेला असतो, कुणाला सापडत नाही. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. कॅप्शन 'डीफॉल्ट' चालू ठेवले, आणि व्हिडिओखाली एक ओळ लिहिली की बंद करायचे असतील तर कुठे दाबायचं. तुम्हाला बाहेर दिसणारं कॅप्शनचं बटण हवंच असेल तर 'प्लायर' नावाचा मोफत, हलका प्लेयर आहे. 'एबल प्लेयर' हाही मोफत, तो तर अपंगांना वापरता यावा म्हणूनच बनवलेला, पण त्याच्या सोबत थोडं जास्त सामान येतं. छोट्या दुकानाला माझ्या मते साधा टॅग पुरतो.

कॅप्शन: एका संध्याकाळचं काम

हा भाग बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या टेलरदादांचं नुकसान इथेच झालं.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे. त्यातल्या पन्नास लाखांहून अधिक ऐकण्याच्या आणि जवळपास तितक्याच दिसण्याच्या अडचणी असलेल्या. 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहेच, आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भाग मानला. पण मी कायद्याच्या भीतीने कॅप्शन घाला असं म्हणणार नाही. दुकानात कामाच्या गडबडीत, बसमध्ये, झोपलेल्या बाळाशेजारी व्हिडिओ आवाज बंद करूनच बघतात, हे तुम्ही स्वतःवरून ओळखा.

कॅप्शनची फाइल नोटपॅडमध्ये होते. पहिल्या ओळीत 'वेबव्हीटीटी' हा शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. मग एक ओळ मोकळी. मग वेळ, आणि त्याखाली मजकूर. असं:

00:00:42.000 --> 00:00:47.500
थांबा, हा क्रम चुकीचा आहे.
आधी दोन्ही लूपर, सुई सगळ्यात शेवटी.

पुन्हा मोकळी ओळ, मग पुढची वेळ. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-8' निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नावाच्या शेवटी टिंब देऊन व्हीटीटी. वेळेत सेकंदानंतर टिंब असतं, स्वल्पविराम नाही. एसआरटी नावाच्या दुसऱ्या प्रकारात स्वल्पविराम असतो, आणि मी तिथून नक्कल केल्यामुळे माझा अर्धा तास 'कॅप्शन का दिसत नाहीत' यात गेला. कॅप्शनची फाइल आपल्याच साइटवर ठेवा, दुसऱ्या साइटवरून ओढली तर ब्राउझर सहसा ती नाकारतो. एका वेळी दोनच ओळी, त्याही छोट्या. मोबाइल आडवा न करता वाचता आल्या पाहिजेत.

दोन मिनिटांच्या व्हिडिओला मला पहिल्यांदा दोन तास लागले. आता चाळीस मिनिटांत होतं.

"मग एडिटिंग ॲपमध्ये अक्षरं व्हिडिओवरच छापली तर?" व्हॉट्सॲपवर पाठवायला ठीक आहे. पण छापलेली अक्षरं मोठी करता येत नाहीत, बंद करता येत नाहीत, आणि एक चूक सापडली की सगळा व्हिडिओ परत काढा. फाइलमधला शब्द दोन मिनिटांत बदलतो.

वेबसाइटवाल्याला शेवटचा हप्ता देण्याआधी

पैसे देण्याआधी एवढं स्वतः करून बघा. मोबाइलचा आवाज शून्य करा आणि व्हिडिओ बघून काम जमतंय का पाहा. मग लॅपटॉपवर माउस बाजूला ठेवा, टॅब दाबत दाबत व्हिडिओपर्यंत या, स्पेसने चालू-बंद होतो का, बाणांनी मागे-पुढे जातो का. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. काही डिझाइनर ती 'वाईट दिसते' म्हणून काढून टाकतात.

मग अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा. हा फोनमधलाच स्क्रीन रीडर, बोट ठेवाल ते वाचून दाखवतो, आणि दोनदा टॅप केलं की उघडतो. चालू करण्याआधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या बरं का. दोन्ही व्हॉल्यूमची बटणं एकदम दाबून धरायचा शॉर्टकट आधीच लावून ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि दुकानात गिऱ्हाइकांसमोर माझा फोन दहा मिनिटं स्वतःशीच बडबडत होता. माझ्या जुन्या सोनेरी प्लेयरवर बोट ठेवलं तेव्हा तो काय म्हणाला माहिती आहे? "बटण." पुढचं बटण, "बटण." सातही बटणांना नाव नाही. साध्या प्लेयरवर तो प्ले म्हणतो, म्यूट म्हणतो, किती वेळ झाला तेही सांगतो.

याच तपासणीत माझ्या व्हिडिओची आणखी एक खोट कळली, आणि ती कुठल्याही प्लेयरने निघणारी नाही. डोळे मिटून मी स्वतःलाच ऐकत होते: "हा दोरा असा इथून घ्यायचा, मग यातून असा बाहेर, आणि इथे अडकवायचा." इथून म्हणजे कुठून? आमच्याकडे एक आजी येतात, मोतीबिंदू झाला तरी गोधड्या शिवतात. त्यांना यातलं काय कळणार?

व्हिडिओ परत काढला. चुकीचा क्रम पूर्ण काढून टाकला. आता मी म्हणते, "उजवीकडच्या टेन्शनच्या चकतीतून दोरा खाली आणा, खालच्या लूपरच्या भोकातून मागून पुढे घ्या." बोलायला दहा सेकंद जास्त लागतात, फाइल सव्वा एमबीने वाढली. टेलरदादांना नव्या व्हिडिओची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "समजलं. पिको मशीनचा पण करा." तो पुढच्या आठवड्यात शूट करणार आहे.